राणी नसलेले वारूळ : डसणाऱ्या मुंग्यांची वसाहत शाळेत कशी सांभाळावी?

मुंगी चावली की तिच्या अंगातील फॉर्मिक आम्ल आपल्या त्वचेत शिरते आणि त्यामुळे आग होते. त्यावर ओला खाण्याचा सोडा चोळला की आम्लाचे उदासिनीकरण होते. आम्ल आणि आम्लारी हा पाठ शिकवताना हे उदाहरण हमखास येते. ते सोपे आहे आणि मुलांच्या लक्षातही राहते. मात्र ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे असेल, तर डसणाऱ्या मुंग्यांची एखादी वसाहत जवळून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ किंवा वसमत यांपैकी कोणत्याही तालुक्यातील शाळेला हा प्रयोग करता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक चांगले भिंग, थोडे प्लास्टर ऑफ पॅरिस आणि भरपूर सबुरी एवढे पुरते. पण प्रयोग जिवंत प्राण्यांचा आहे, आणि हे प्राणी डसणारे आहेत. म्हणून आधी थोडी माहिती, मग कृती, असा क्रम ठेवू.

चावणे आणि डसणे

फॉर्मिक आम्लाचे नाव मुंगीवरूनच पडले आहे. लॅटिन भाषेत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या आम्लाची हकीकत जॉन रे या इंग्लिश निसर्गवैज्ञानिकाने १६७१ च्या सुमारास लिहिली. हे आम्ल मुंग्यांच्या एका ठराविक उपकुळात असते. आपल्या घरात फिरणारे मोठे काळे डोंगळे आणि आंब्याची पाने जोडून घरटी विणणाऱ्या लाल मुंग्या या उपकुळातल्या. गंमत अशी की या मुंग्यांना नांगी नसतेच. त्या जबड्याने चावतात आणि पोटाच्या टोकातून आम्लाचा फवारा उडवतात. जबड्याने झालेल्या जखमेवर आम्ल पडले की झोंबते.

ज्या मुंग्यांना नांगी असते त्यांचे विष वेगळे. त्यात प्रामुख्याने प्रथिने आणि पेप्टाइडे असतात. अग्निमुंगीच्या विषाचा तर बहुतेक भाग अल्कलॉइडांचा असतो. हे विष नांगीतून त्वचेच्या आत जाते, त्यामुळे वरून सोडा चोळून फारसा उपयोग होत नाही. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवणे हा त्यापेक्षा बरा उपाय आहे.

नांगी हे मूळचे अंडी घालण्याचे अवयव. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या पूर्वजांत त्याचे रूपांतर विष टोचणाऱ्या सुईत झाले. म्हणून डसणारी मुंगी नेहमी मादीच असते. नराला नांगी असूच शकत नाही. कामकरी मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती आपल्या त्वचेत अडकते आणि माशी मरते. बहुतेक मुंग्यांचे तसे होत नाही. एकच मुंगी पुन्हा पुन्हा डसू शकते.

जस्टिन श्मिट या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने डंखांच्या वेदनेची १ ते ४ अशी श्रेणी लावली होती. तिच्यात मधमाशी २ वर आहे, अग्निमुंगी १ वर, तर दक्षिण अमेरिकेतील ‘बुलेट’ मुंगी ४ वर. ही मोजपट्टी श्मिट यांच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेली असल्याने ती ढोबळच समजावी.

कोणती मुंगी निवडावी?

आपल्या शिवारात डसणाऱ्या मुंग्यांचे अनेक प्रकार असतात. मऊ मातीचे ढिगारे करून हजारोंच्या संख्येने राहणारी लहान तांबूस मुंगी म्हणजे अग्निमुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. व्यापाराबरोबर जगभर पसरली. झाडाच्या खोडावरून एकटीदुकटी चालणारी, डोके आणि पोट काळे पण मधला भाग तांबूस असलेली लांबट मुंगी म्हणजे टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. हिच्या डंखाने काही माणसांना गंभीर ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. वाळवीच्या वारुळावर रांगेने चाल करून जाणाऱ्या काळ्या मुंग्या लेप्टोजेनिस प्रजातीच्या. या तिन्ही शाळेसाठी योग्य नाहीत. पहिलीची संख्या आवरत नाही, दुसरी धोक्याची आहे आणि तिसरी सतत मुक्काम हलवते.

शाळेसाठी सोयीची आहे ती डायकॅमा. महाराष्ट्रासह द्वीपकल्पीय भारतात या प्रजातीच्या मुंग्या आढळतात. मुंगी सुमारे एक सेंटिमीटर लांब, काळी किंवा करडी चमक असलेली. भिंगातून पाहिले की अंगावर अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक समांतर रेषा दिसतात. कमरेच्या गाठीवर मागच्या बाजूला दोन लहान काटे असतात. या दोन खुणा पटल्या तर ओळख पक्की समजायला हरकत नाही. ही मुंगी रांग करत नाही. अन्न शोधायला एकटीच जाते.

तिचे बीळ धुऱ्यावर, झाडाच्या बुंध्याशी, शाळेच्या कुंपणालगत शोधावे. तोंडाशी मातीचा छोटा उंचवटा असतो आणि त्यावर काड्या, वाळकी पाने, मेलेल्या किड्यांचे तुकडे, कधी पक्ष्यांची पिसे रचलेली असतात. ही सजावट कशासाठी? मार्क मॉफेट यांनी १९८५ मध्ये भारतातील डायकॅमाविषयी लिहिले, की तोंडाशी ठेवलेल्या पिसांवर पहाटे दव जमते आणि मुंग्या ते थेंब टिपून घेतात. हिवाळ्यात दव पडू लागले की हे निरीक्षण कोणत्याही वर्गाला करता येईल. लहान मुलांच्या वर्गाने एवढेच करावे. वसाहत पकडू नये.

दोन कळ्यांची गोष्ट

मुंग्यांच्या वसाहतीत एक राणी असते, ती अंडी घालते आणि बाकीच्या कामकरी असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. डायकॅमामध्ये राणी नाही. राणीचा वेगळा देहच या प्रजातीत तयार होत नाही. मग अंडी कोण घालते?

कोषातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डायकॅमा कामकरी मुंगीच्या वक्षावर दोन्ही बाजूंना एकेक इवलासा गोलसर अवयव असतो. त्याला ‘जेमा’ म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ कळी. इतर कीटकांत ज्या ठिकाणी पुढचे पंख असतात त्याच ठिकाणी या कळ्या असतात. मुंगी कोषातून बाहेर आली की काही काळातच तिच्या कळ्या जबड्याने तोडल्या जातात. कळ्या तुटलेली मुंगी नराशी मीलन करत नाही आणि आयुष्यभर कामकरीच राहते. वसाहतीत एकाच मुंगीच्या कळ्या शाबूत असतात. तिचे नराशी मीलन झालेले असते आणि फलित अंडी तीच घालते. अशा मुंगीला ‘गॅमरगेट’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘विवाहित कामकरी’. क्रिस्तियान पीटर्स आणि हिगाशी यांनी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डायकॅमाच्या जातीत ही गोष्ट दाखवून दिली. भारतातील डायकॅमा इंडिकम या जातीतही कळ्या शाबूत असलेली एकमेव मुंगी म्हणजे गॅमरगेट.

मधमाश्यांमध्ये अळीला मिळणाऱ्या आहारावरून ती राणी होणार की कामकरी हे ठरते. डायकॅमामध्ये सगळ्या माद्या सारख्याच जन्मतात आणि जन्मानंतर त्यांच्याशी जे वागले जाते त्यावरून त्यांचे काम ठरते. वर्गात चर्चेला घ्यावा असा हा मुद्दा आहे.

राणी नसलेल्या या जीवनक्रमाचा थोडा वेगळा प्रकार आपल्या शेजारच्या कर्नाटकात दिसतो. हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर ही उडी मारणारी मुंगी; जर्डन यांनी १८५१ मध्ये तिचे वर्णन केले. हिच्यात राणी असते, पण ती मेल्यावर कामकरी मुंग्या गॅमरगेट होऊ शकतात. तसे होताना त्यांचा मेंदू सुमारे एक पंचमांशाने आक्रसतो, आणि पुन्हा कामकरी व्हायची वेळ आली तर तो परत वाढतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. २०१० मध्ये जगात प्रथम ज्या दोन मुंग्यांचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यांत ही एक होती.

पकडण्यापूर्वी

वरील माहितीतून पकडण्याचा पहिला नियम निघतो. मूठभर मुंग्या डबीत आणल्या म्हणजे वसाहत आणली असे होत नाही. गॅमरगेट मागे राहिली तर डबीतल्या मुंग्यांना फलित अंडी मिळणार नाहीत. कळ्या तुटलेल्या कामकरी अंडी घालू शकतात, पण ती अफलित. आणि मुंग्यांमध्ये अफलित अंड्यातून फक्त नर जन्मतो. कामकरी एकेक करून मरतात, नवी मादी येत नाही, आणि वसाहत संपते. म्हणून वसाहत आणायची तर पूर्ण, नाहीतर आणूच नये.

दुसरा नियम सुरक्षिततेचा. ज्यांना मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंगी डसल्यावर पूर्वी अंगभर गांधी उठल्या असतील, ओठ-चेहरा सुजला असेल किंवा दम लागला असेल, त्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकालाही या कामापासून दूर ठेवावे. पालकांना आधी कळवावे. पकडताना बंद बूट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले आणि हातांत रबरी मोजे असावेत. डंखानंतर अशी लक्षणे दिसली, किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. अशा वेळी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे आणि तेथे जायला वाहन कोणते, हे आधीच ठरवून ठेवावे.

तिसरा नियम जागेचा. शेत ज्याचे त्याची परवानगी घ्यावी. राखीव वनातून परवानगीशिवाय काही उचलू नये. नुकती फवारणी झालेल्या शेताचा धुरा टाळावा. आपल्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सोयीचा. जमीन ओलसर असते, शाळा सुरू असते आणि उन्हाळ्याची काहिली दूर असते.

कुदळीऐवजी पाणी

कुदळीने बीळ खणले तर पोकळ्या ढासळतात आणि अंडी-अळ्या मातीत दबतात. त्यापेक्षा संशोधक वापरतात ती पाण्याची रीत सौम्य आहे. कोलकात्याजवळ मोहनपूर येथील ‘आयसर’ या संस्थेत सुमना अन्नागिरी आणि त्यांचे विद्यार्थी डायकॅमा इंडिकमचा अभ्यास करतात. तेथे बिळात पाणी सोडून वसाहती गोळा केल्या जातात.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी बिळाच्या तोंडात थोडे थोडे पाणी सोडावे. बिळात पाणी चढू लागले की मुंग्या अंडी, अळ्या आणि कोष जबड्यात धरून बाहेर येतात. त्या बिळाजवळच एखाद्या पानाखाली किंवा ढेकळाच्या आडोशाला जमू लागतात. आपण तयार केलेली, आतून ओलसर आणि अंधारी डबी तोंडाजवळ आडवी ठेवून पाहावी. मुंग्या आपणहून तिच्यात शिरल्या तर उत्तमच. नाहीतर कागदाच्या पट्टीवर किंवा मऊ कुंचल्याने त्यांना अलगद डबीत घ्यावे. चिमट्याने पकडू नये. एकही कोष मागे राहू देऊ नये, कारण असे कोष शेजारच्या वसाहतीतील मुंग्या चोरून नेतात. मुंग्या बाहेर येणे थांबल्यावरही तास-दीड तास थांबावे; चाऱ्याला गेलेल्या मुंग्या परततात, त्याही घ्याव्यात. जागेवर खुंटी ठोकून खूण करावी. तिचा उपयोग पुढे आहे.

डायकॅमाची वसाहत काही डझन मुंग्यांपासून दोन-तीनशेपर्यंत असते. मोजता येईल एवढीच संख्या असणे ही शाळेसाठी मोठी सोय आहे.

घर, पाणी, अन्न

पारदर्शक झाकणाची एक पसरट प्लास्टिकची डबी घ्यावी. तळाशी सुमारे एक सेंटिमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे आणि ते घट्ट होण्यापूर्वी चमच्याने मध्यभागी उथळ खळगा करावा. डबीच्या एका बाजूला मुंगी आरामात जाईल एवढे भोक पाडावे. प्लास्टर दोन दिवस पूर्ण वाळू द्यावे आणि मग त्यावर पाणी शिंपडावे. झाकणावर लाल जिलेटीन कागद लावावा. मुंग्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही; त्यांच्या लेखी आत अंधार असतो आणि आपल्याला मात्र दिसते.

ही डबी एका मोठ्या टबात ठेवावी. टब हे त्यांचे अंगण. टबाच्या वरच्या काठाला आतून चार बोटे रुंद व्हॅसलीनचा थर द्यावा, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. धूळ बसली की थर बदलावा. टब सावलीत ठेवावा. खिडकीतले ऊन काही मिनिटांत डबीचा तवा करते.

पाण्यासाठी परीक्षानळीत पाणी भरून तोंडाला कापसाचा बोळा घट्ट बसवावा आणि नळी आडवी ठेवावी. प्लास्टर कोरडे वाटले की थेंब थेंब पाणी द्यावे. आत पाणी साचू देऊ नये.

डायकॅमा शिकारी आहे. तिला वाळवी, लहान नाकतोडे, रातकिडे द्यावेत. किडे फवारणी न झालेल्या जागेचे असावेत. विषारी किड्याने अख्खी वसाहत दगावू शकते. जोडीला पाण्यात कालवलेल्या मधाचा एक थेंब. किडे मिळत नसतील तर भटकर आणि व्हिटकोम यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेले खाद्य करता येते. जगभरच्या प्रयोगशाळांत ते अजून वापरात आहे. अर्धा लिटर पाणी, ५ ग्रॅम अगर, एक अंडे, ६२ मिलिलिटर मध आणि थोडी जीवनसत्त्वे व क्षार असे त्याचे घटक आहेत. उरलेले अन्न रोज काढावे, नाहीतर बुरशी येते. मेलेल्या मुंग्या आणि कचरा मुंग्या स्वतःच एका कोपऱ्यात टाकतात. तो कोपरा आठवड्यातून एकदा साफ करावा.

काय पाहावे?

पहिले काम गॅमरगेट शोधण्याचे. भिंग घेऊन झाकणातून एकेका मुंगीचे वक्ष पाहावे. ती बहुधा अंड्यांच्या आसपास असते आणि अंगणात येत नाही. तीन दिवस शोधूनही कळ्यांची मुंगी दिसली नाही, तर वसाहत जागेवर परत न्यावी.

दुसरे निरीक्षण स्थलांतराचे. टबात दुसरी तशीच डबी ठेवावी आणि पहिल्या डबीचा लाल कागद व झाकण काढावे. उजेड पडताच वसाहत घर बदलायला निघते. नवी जागा पाहून आलेली मुंगी दुसरीला बोलावते आणि पुढे चालू लागते. मागची आपल्या शृंगिकांनी, म्हणजे मिशांनी, पुढचीच्या पायांना व पोटाला स्पर्श करत चालते. स्पर्श तुटला की पुढची थांबते. या चालीला आपण ‘जोडचाल’ म्हणू. अशा एकेका जोडीने सगळी वसाहत हलते. अंडी-अळ्या जबड्यातून जातात. किती जोड्या गेल्या, किती वेळा स्पर्श तुटला, स्थलांतराला किती वेळ लागला, याची नोंद विद्यार्थ्यांनी तक्त्यात करावी. हा प्रयोग आठवड्यातून एकदाच करावा.

नायजेल फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी २००६ मध्ये टेम्नोथोरॅक्स या युरोपीय मुंगीच्या जोडचालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढची मुंगी एकटी गेली असती तर सुमारे चौपट वेगाने पोचली असती. ती मागचीसाठी थांबते, स्वतःचा वेळ खर्च करते आणि मागचीला वाट कळते. शिकणाऱ्यासाठी स्वतःचे नुकसान सोसून वागणे बदलणे, ही शिकवण्याची खूण मानली तर हे शिकवणेच आहे, असे त्यांचे म्हणणे. शिक्षकांना ते पटायला जड जाऊ नये.

परत नेणे

चार आठवड्यांनी वसाहत परत न्यावी. याचे कारण केवळ दया नाही. डायकॅमाच्या माद्यांना पंख नसतात. वसाहत मोठी झाली की तिचे दोन भाग होतात आणि एक भाग चालत नव्या जागी जातो. उडतात ते फक्त नर. दक्षिण भारतातील डायकॅमा सायॅनिव्हेंट्री या जातीच्या जनुकीय अभ्यासात २००२ मध्ये हेच स्पष्ट झाले, की दूरवर पसरण्याचे काम नर करतात, माद्या नाही. डोंगळ्यांची राणी उडत जाऊन कोठेही नवे वारूळ थाटते. डायकॅमाला ते शक्य नाही. एका धुऱ्यावरची वसाहत नष्ट झाली तर ती जागा भरायला शेजारची वसाहत वाढून, दुभंगून, चालत यावी लागते.

डब्यात ठेवूनही ती टिकत नाही. गॅमरगेट मेली तर नव्या जन्मलेल्या एखाद्या मुंगीच्या कळ्या शाबूत राहतात आणि ती जागा घेते. पण तिला दुसऱ्या वसाहतीचा नर भेटायला हवा. धुऱ्यावर तो उडत येतो. शाळेच्या टबात तो येणार नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर टबातील डबी खुंटीपाशी न्यावी, झाकण काढावे आणि डबी जुन्या तोंडाला लागून ठेवावी. दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या शेतात सोडू नये. मुंग्या उजेडापासून दूर जायला लागतील, जोड्या निघतील, कोष हलतील. विद्यार्थ्यांनी आणताना मोजलेली संख्या आणि सोडताना मोजलेली संख्या वहीत शेजारी शेजारी लिहावी. मेलेल्या किती, नव्या जन्मलेल्या किती, हेही लिहावे. पुढच्या आठवड्यात त्या जागी जाऊन बिळाच्या तोंडाशी नवी माती आणि नव्या काड्या दिसतात का, ते पाहून यावे. दिसल्या तर प्रयोग पूर्ण झाला असे समजावे.